पाटी नसलेल्या रस्त्याला नकाशात वेगमर्यादा कोणती द्यायची? (ओपनस्ट्रीटमॅप, देशवार तक्ता वगैरे)

माणदेशी | शनिवार, रात्री १०.१०

मंडळी, आधी कबुली देतो, मग प्रश्न.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या विट्यातल्या झाडून सगळ्या गल्ल्यांना वेगमर्यादा ५० लिहून टाकली. एकाही गल्लीत पाटी नाही. मग ५० आणली कुठून? कुठूनच नाही. गावात पन्नासच असणार असं वाटलं. सगळ्या गल्ल्या एकदम निवडल्या, मॅक्सस्पीडच्या चौकटीत ५० टाकलं, शेऱ्यात 'वेगमर्यादा भरल्या' असं ऐटीत लिहिलं आणि फराळाला बसलो.

परवा पुतण्या नवी गाडी घेऊन आला. त्याच्या फोनमधलं ॲप (नाव घेत नाही, ओएसएमचा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचाच डेटा वापरतं) आमच्या गल्लीत लाल गोलात ५० दाखवत होतं. आमची गल्ली म्हणजे एका अंगाला म्हशी बांधलेल्या, दुसऱ्या अंगाला कडबा, मधून दोन मोटरसायकली कशाबशा जातात. पुतण्या म्हणाला, "काका, सरकारनं इथं पन्नास दिलीय?" सरकारनं नाही रे, मी दिलीय, हे सांगायला जीभ रेटेना.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ओएसएम म्हणजे नकाशांचा विकिपीडिया समजा. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. खातं काढलं की कुणीही आपल्या गावचा रस्ता, विहीर, देऊळ त्यात काढू शकतो. प्रत्येक रस्त्याला टॅग म्हणजे चिठ्ठ्या चिकटवायच्या: रस्ता कसला, नाव काय, डांबरी का मुरमाचा, एकेरी का दुहेरी. मॅक्सस्पीड ही त्यातलीच एक. ती नसली की वाट दाखवणारं सॉफ्टवेअर आपल्या अंदाजानं चालतं. ओएसआरएम नावाचं इंजिन आहे, त्याच्या मोटारीच्या फायलीत ट्रंक म्हणजे मोठ्या महामार्गाच्या दर्जाच्या रस्त्याला ८५, त्याखालच्या प्रायमरीला ६५, गल्लीला २५ असे आकडे घातलेत. हे कायद्याचे आकडे नव्हेत बरं का, गाडी साधारण कशी पळेल याचा तो अडाखा.

आता प्रश्न. पाटी नसेल तर किती, हे प्रत्येक देशाचा कायदा सांगतोच. तो आकडा प्रत्येक रस्त्यावर लिहायचा, की देशाच्या नावानं एकदाच तक्त्यात ठेवायचा आणि ॲपनं तिथून उचलायचा? गाडी डावीकडून चालवायची हे आपण कुठं रस्त्यारस्त्यावर लिहितो? देशाच्या हद्दीवर एकदा लिहिलं की भागतं.

माझं मत: पाटी दिसली तर आकडा लिहा. नसेल तर आकडा लिहू नका, कायदा जे विचारतो ते लिहा. दुभाजक आहे का, पदर किती, वस्ती आहे का. पण हे मत म्हशींच्या गल्लीत पोळलेल्या माणसाचं आहे, तेव्हा बिनधास्त ठोका.

----

चकली | शनिवार, रात्री १०.३१

वाचतेय. 'फराळाला बसलो' ला फुटले.

----

डिझेलभाऊ | शनिवार, रात्री १०.५५

एवढा काथ्याकूट कशाला? भारतात मर्यादा ८० आहे. माझ्या नव्या गाडीत ८० च्या वर गेलं की टिंग वाजतं, १२० च्या वर गेलं की थांबतच नाही. सरकारनंच सक्तीनं बसवायला लावलंय ते. ८० टाका सगळीकडं आणि झोपा.

----

रातकिडा | शनिवार, रात्री ११.२०

+१ तक्त्याला. उलट मी म्हणतो तक्ता तरी कशाला, एक क्वेरी मारून महाराष्ट्रातले सगळे ट्रंक रस्ते काढतो आणि १०० टाकतो. सेकंडरीला ७०. आज रात्रीत होईल. स्क्रिप्ट तयारच आहे.

----

माणदेशी | शनिवार, रात्री ११.२४

थांब बाबा!! माझ्याकडून एका गावाचा घोळ झाला, तू राज्याचा करशील. आणि एकगठ्ठा बदल आधी चर्चा केल्याशिवाय करायचे नाहीत असा ओएसएमचा दंडकच आहे. न विचारता केलेस तर कुणीतरी सगळे उलटवेल आणि तुझी रात्र वाया.

----

नियमावली | रविवार, सकाळी ७.४०

डिझेलभाऊ, ती टिंग म्हणजे वेगमर्यादा नव्हे. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या मोटारींना तो इशारा सक्तीचा झाला: ८० ओलांडली की मधूनमधून, १२० ओलांडली की सतत. गाडी एक्स्प्रेसवेवर आहे की शाळेसमोर, हे त्या यंत्राला कळतच नाही.

कायद्याचं असं आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. कमाल वेग केंद्र ठरवतं. राज्य सरकार किंवा त्यानं नेमलेला अधिकारी सुरक्षिततेसाठी तो कमी करू शकतो, पण राजपत्रात छापून आणि रस्त्यावर पाटी लावून. केंद्राची एप्रिल २०१८ ची अधिसूचना काढून बघा. चालक सोडून आठपर्यंत माणसं बसणारी मोटार: एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १००, पालिका हद्दीत ७०, इतर रस्त्यांवर ७०. मालवाहू गाडीला तेच चार आकडे ८०, ८०, ६०, ६०. दुचाकीला चौपदरीवर ८०, बाकी ठिकाणी ६०. रिक्षाला ५०.

आता मला सांगा, यात 'ट्रंक' कुठं दिसलं? 'राष्ट्रीय महामार्ग' तरी कुठं दिसलं? कायदा दोनच गोष्टी विचारतो: गाडी कोणती आणि मध्ये दुभाजक आहे का. आपल्याकडे ओएसएमवर रिवाज असा की राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य महामार्ग म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे सेकंडरी. हा दर्जा झाला, रुंदी नव्हे. रातकिडा यांची स्क्रिप्ट चालली असती तर गुहागर–विजापूर रस्त्याच्या दुपदरी तुकड्यांनाही १०० लागली असती. महामार्ग आहे ना! कायद्यानं तिथं मोटारीला ७० आणि ट्रकला ६०.

म्हणून माणदेशींशी सहमत. दुभाजक असलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजू नकाशात वेगळ्या काढलेल्या असतातच. त्यांना दुभाजकाची चिठ्ठी आणि लेनचा आकडा द्या. १०० का ७० हे यंत्र तिथून काढील.

----

रातकिडा | रविवार, सकाळी ९.०२

ओके. स्क्रिप्ट म्यान.

----

बोळवाली | रविवार, सकाळी ९.३०

म्हणजे आमच्या कसब्यातल्या बोळात कायद्यानं ७० आहे?? तिथं रिक्षा वळवायची तर समोरच्या काकूंना जोत्यावरच्या कुंड्या आत घ्याव्या लागतात.

आणि 'पालिका हद्द' हे तर अजूनच रोचक. पुणे महापालिकेत जून २०२१ मध्ये २३ गावं आली. रात्री शेतात होता तो रस्ता सकाळी शहरात. मग एका रात्रीत मर्यादा बदलली म्हणायची का?

----

नियमावली | रविवार, सकाळी १०.१५

बोळाबद्दल: राज्यानं किंवा पोलिसांनी कमी केली नसेल, तर कागदावर हो. पण ७० म्हणजे त्यावर जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बोळात ७० नं गेलात तर धोकादायक रीतीनं गाडी चालवल्याचं कलम वेगळं आहेच.

हद्दीबद्दल: त्या अधिसूचनेत मोटारीला पालिकेत ७०, बाहेरही ७०. म्हणजे साध्या दुपदरी रस्त्याला २३ गावांच्या समावेशानं काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त दुभाजकवाल्या चौपदरीला, कारण हद्दीबाहेर १०० आणि आत ७०. आणि तिथं बहुतेक वेळा पाट्या असतात. म्हणजे भांडणाची जागा वाटते त्याहून फारच लहान आहे.

अजून एक गुंता. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ही २०१८ ची अधिसूचनाच रद्द ठरवली, अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात. तरी त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा उघडला तेव्हा मोटारींना १२० च ठेवली. आकडा प्रत्येक रस्त्यावर कोरून ठेवलात, की कोर्टाच्या एकेका निकालासरशी लाखभर रस्ते खोडत बसा. तक्त्यात असेल तर एक ओळ बदलायची.

----

कार्डिफकर | रविवार, दुपारी २.५०

उशिरा आलो, पण हा धागा माझ्या दुखऱ्या नसेवर बसलाय.

आमच्याकडे वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ ला नेमकं हेच झालं. वस्तीतल्या रस्त्याची मूळ मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० वर आली. वस्ती कशावरून? तर दिव्याच्या खांबांवरून. खांब एकमेकांपासून २०० यार्डांच्या आत असतील तर तो रस्ता 'रिस्ट्रिक्टेड'. पाटी असायची गरज नाही, खांब हीच पाटी.

गंमत पुढे आहे. इथं मूळ मर्यादेची आठवण करून देणाऱ्या छोट्या गोल पाट्या खांबांवर लावत नाहीत, त्या फक्त अपवादाला. तोवर ३० मूळ होती, म्हणून ३० च्या छोट्या पाट्या नव्हत्या आणि २० च्या होत्या. कायदा बदलल्यावर बरोबर उलटं. २० च्या छोट्या पाट्या काढायच्या आणि जिथं ३० राखली तिथं ३० च्या लावायच्या. काही दिवस आमच्या भागात दोन्ही तऱ्हा एका चौकाच्या अंतरावर नांदत होत्या.

आता नकाशा. ज्यांनी रस्त्यावर '३० मैल' लिहून शेजारी 'उगम: देशाचा वस्तीतला नियम' अशी दुसरी चिठ्ठी लावली होती, ते रस्ते शोधणं सोपं गेलं. गाळणी लावली, बघितले, बदलले. पण शेकडो रस्त्यांवर नुसतं ३०. आता ते ३० पाटी बघून लिहिलेलं की असंच असणार म्हणून? कुणी सांगावं! लिहिणारा पाच वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला. मी आणि दोघं-तिघं मिळून संध्याकाळी कुत्रा फिरवायला न्यावा तसे एकेक रस्ता फिरलो. नोव्हेंबरचा पाऊस, हातात फोन, तोंडानं 'खांब आहे, पाटी नाही, खांब आहे, पाटी नाही'. शेजारणीला वाटलं मी कौन्सिलचा माणूस, तिनं मला कचऱ्याच्या डब्याची तक्रार सांगितली.

सांगायचं हे की आकडा लिहा किंवा लिहू नका, उगम लिहाच. उगम नसलेला आकडा बिनतारखेच्या पावतीसारखा, हिशेबात धरताही येत नाही आणि फेकूनही देववत नाही.

ता. क. इथं एककाचंही बघा. ओएसएममध्ये नुसतं २० लिहिलं की ते किलोमीटर धरलं जातं. मैलाची खूण विसरलात की ताशी २० किलोमीटर, म्हणजे साडेबारा मैल. आमच्या अख्ख्या एका वस्तीत कुणीतरी हे करून ठेवलं होतं. ॲपच्या मते ती वस्ती ओलांडायला चालत जाणं बरं.

----

चकली | रविवार, दुपारी ३.०५

कार्डिफकर, कचऱ्याच्या डब्याचं पुढे काय झालं?

----

कार्डिफकर | रविवार, दुपारी ३.११

मी खरंच ती तक्रार कौन्सिलला कळवली. डबा आला.

----

लूव्हेनकर | रविवार, दुपारी ४.२०

मूळ धाग्यातल्या 'देशवार' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. देश हे एककच चुकीचं आहे.

बेल्जियम महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढा. तरी गावाबाहेरच्या साध्या रस्त्याला आमच्या फ्लँडर्समध्ये २०१७ पासून ७० आणि शेजारी वालोनियात ९०. ब्रुसेल्समध्ये शिरलात की जानेवारी २०२१ पासून मूळ मर्यादा ३०. सकाळी नाश्ता करून निघालो की जेवणाआधी तीन कायदे पालथे घालता येतात. 'बेल्जियम = अमुक' असा तक्ता करून काय कराल?

फ्रान्सनं तर कहर केला. दुभाजक नसलेल्या दुतर्फा रस्त्यांवर जुलै २०१८ मध्ये ९० ची ८० केली. लोक खवळले. मग जिल्ह्यांना (तिथल्या देपार्तमांना) आपापल्या रस्त्यांवर परत ९० करायची मुभा दिली. कुणी केली, कुणी नाही, कुणी काही रस्त्यांपुरती. अमेरिकेत राज्यागणिक, कॅनडात प्रांतागणिक वेगळं. तेव्हा तक्ता करा, पण त्याला पोटतक्ते लागणार हे धरून चाला.

----

अवांतरवीर | रविवार, दुपारी ४.४५

अवांतर: माणदेशी म्हणाले की डावी-उजवी बाजू एकदा लिहिली की भागतं. स्वीडननं ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे सगळा देश डावीकडून उजवीकडे नेला. तेव्हा ओएसएम नव्हतं हे त्यांचं नशीब.

----

इसारकाठ | रविवार, संध्याकाळी ६.३०

म्युनिकहून. मी उलट बाजूनं बोलणार आहे, सांभाळून घ्या.

जर्मनीत तक्ता अगदी सुटसुटीत: वस्तीत ५०, बाहेर १००, ऑटोबानवर मर्यादा नाही (१३० ही निव्वळ शिफारस). वस्ती कुठं सुरू होते याचा वादच नाही, गावाच्या नावाची पिवळी पाटी ओलांडली की ५०, पलीकडची काट मारलेली पाटी ओलांडली की संपली. इतकं स्वच्छ असूनही इथले बहुतेक नकाशेवाले आकडा रस्त्यावर लिहितात, सोबत उगम 'डीई:अर्बन' किंवा 'डीई:रूरल'. का? कारण तक्ता वाचायची तसदी किती ॲप घेतात? ग्राफहॉपरसारखी इंजिनं ओएसएम विकीवरच्या देशवार तक्त्यावरून मर्यादा काढतात, मान्य. पण सायकलच्या हँडलला लावायचं कुणीतरी हौशीनं बनवलेलं यंत्र? त्याला रस्त्यावरचा आकडाच कळतो.

शिवाय आता हा नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला टोकणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती कॅमेऱ्यानं पाटी वाचते किंवा नकाशातून आकडा घेते. पाटी नाही आणि नकाशातही नाही, तर गाडी गप्प किंवा चुकीचं बोलणार. माझ्या ऑफिसची गाडी एका शेतरस्त्यावर मला ठामपणे १०० सांगते. कायद्यानं ते बरोबरही आहे! समोरून ट्रॅक्टर येत असतो एवढंच.

म्हणून माझं म्हणणं: आकडा आणि उगम दोन्ही रस्त्यावर. कायदा बदलला तर उगमावरून गाळून बदला, कार्डिफकरांनी केलं तसं.

----

माणदेशी | रविवार, रात्री ८.१५

इसारकाठ, तुमच्याकडे पिवळी पाटी आहे हो. आमच्याकडे गावाची हद्द कशावरून ओळखायची? 'गाव आपले स्वागत करीत आहे' ही कमान नेत्याच्या नावानं, जागा मिळाली तिथं उभी केलेली. कमानीच्या अलीकडे एक किलोमीटर दुकानं आणि पलीकडे ऊस. आणि आपल्या कायद्यात रस्त्याला एकच आकडा नसतो, गाडीगणिक वेगळा. तुमच्या पद्धतीनं मला एका रस्त्यावर मोटारीचा, ट्रकचा, दुचाकीचा, रिक्षाचा असे चार-पाच आकडे आणि त्यांचे उगम लिहावे लागतील. एका दुभाजकाच्या चिठ्ठीत जे भागतं त्याला एवढा खटाटोप.

जर्मनीत तुमचं बरोबर असेल. विट्यात माझं बरोबर आहे.

----

इसारकाठ | रविवार, रात्री ८.४०

गाडीगणिक आकड्यांचा मुद्दा लक्षात नव्हता आला. तेवढ्यापुरती माघार. फक्त तेवढ्यापुरतीच.

----

डिझेलभाऊ | रविवार, रात्री ९.०५

तुमचं कायद्याचं चालू द्या. माझे चार ट्रक आहेत. मला विचाराल तर सगळी ॲप पोचायची वेळ चुकीची सांगतात. तीन तास म्हणतात, पाच लागतात. ड्रायव्हर शिव्या खातो. मग मर्यादाच कमी लिहा की, ६० च्या जागी ४०, म्हणजे वेळ तरी बरोबर येईल.

----

नियमावली | रविवार, रात्री ९.२५

भाऊ, हाच मोह सगळ्यांना होतो आणि तिथंच डेटा नासतो. कायद्यानं किती वेगानं जाता येतं हा एक आकडा, प्रत्यक्षात किती वेगानं जाता येतं हा दुसरा. पहिल्याच्या चौकटीत दुसरा कोंबला तर दोन्ही गेले. तुमच्या ट्रकला उशीर होतो तो खड्ड्यांनी आणि गतिरोधकांनी. मग तेच नकाशात टाका. पृष्ठभाग कसा आहे याची चिठ्ठी असते, गतिरोधकाला रस्त्यावर बिंदू देता येतो. तुमचे ड्रायव्हर तर डोळे मिटून सांगतील कुठल्या गावात किती.

----

डिझेलभाऊ | रविवार, रात्री ९.४०

सांगतील? तोंडपाठ आहेत. एका गावात शाळा, देऊळ आणि सरपंचाचं घर, तीन ठिकाणी. पाठवतो यादी. नकाशात तुम्ही घाला, मला ते जमायचं नाही.

----

रातकिडा | रविवार, रात्री ९.५२

भाऊ, मला पाठवा. मी घालतो. एकेक हातानं घालतो, शपथ, स्क्रिप्ट नाही.

बादवे, पाट्यांसाठी त्या दुसऱ्या प्रसिद्ध नकाशातले आकडे बघून लिहिले तर?

----

माणदेशी | रविवार, रात्री १०.००

अजिबात नाही. दुसऱ्याच्या नकाशातून उतरवणं ओएसएममध्ये पहिलं पाप. परवान्याचा प्रश्न आहे, आणि तिथला आकडा तरी पाटीचा की अंदाजाचा हे तुला कसं कळणार? स्वतः जाऊन बघ किंवा मॅपिलरीवरच्या लोकांनी टाकलेल्या रस्त्यांच्या फोटोंत पाटी शोध, ते वापरायला मुभा आहे.

----

माणदेशी | पुढचा रविवार, दुपारी १२.३०

धागा वर काढतोय, कारण काम झालं.

विट्यातल्या गल्ल्यांवरची माझी ५० सगळी काढली. शेऱ्यात खरं कारण लिहिलं: 'पाटी नसताना मीच लिहिली होती.' तीन वर्षांत दोघांनी त्यातल्या काही गल्ल्या दुरुस्त करताना माझा आकडा प्रामाणिकपणे जपला होता, ते बघून जास्त वाईट वाटलं. महामार्गाला जिथं मध्ये दुभाजक आहे तिथं तशी चिठ्ठी लावली, लेन मोजल्या. आकडा कुठंही लिहिला नाही.

पाटी मात्र एक सापडली, शाळेजवळ. तीही अर्धीच. वर लाल गोलाची कड आणि शून्य दिसतं, बाकी सगळं कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलंय. फ्लेक्सवर भावी नगरसेवक आणि खाली सतरा शुभेच्छुक. शून्याआधीच्या आकड्याचा वरचा बाक दिसतो, त्यावरून मला ते २० वाटतंय, पुतण्या म्हणतो ३०. फोटो जोडलाय. लिहू का काही?

----

कार्डिफकर | पुढचा रविवार, दुपारी १.१०

अंदाजानं लिहू नका. फ्लेक्स उतरेपर्यंत थांबा. वाढदिवस कधी झाला?

----

बोळवाली | पुढचा रविवार, दुपारी १.२२

फोटो मोठा करून बघितला. वाढदिवस जूनमध्ये झालाय. हा फ्लेक्स उतरणार नाही, पुढच्या जूनमध्ये त्याच्यावर दुसरा चढेल.

----

माणदेशी | पुढचा रविवार, संध्याकाळी ६.४५

पुतण्याला खांबावर चढवला, फ्लेक्सचा कोपरा उचलून बघितला. ३०. लिहिलं, उगमात 'पाटी'. फ्लेक्स परत नीट बांधला, शुभेच्छुकांत माझा मेव्हणा आहे.